वाई-मेणवली: सिनेमातली जागा प्रत्यक्ष कशी पाहावी

सिनेमात पाहिलेली जागा एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावी, ही हौस अनेकांना असते. तरी अशा बहुतेक सहली अर्ध्यावर आटोपतात, कारण लोक सिनेमाचं नाव लक्षात ठेवून निघतात आणि दृश्य घरीच राहतं. वाईच्या स्टँडवर उतरून ‘शूटिंग कुठं झालं होतं हो?’ असं विचारलं की कुणीही नदीकडे हात करतं. मग घाटावर एक फोटो, आणि लगेच महाबळेश्वरची वाट. खरी मजा त्याच्या पुढं आहे. पडद्यावरची एकच चौकट निवडावी, ती कुठून टिपली असेल ते शोधावं, कॅमेरा होता त्या पायरीवर जाऊन उभं राहावं आणि चौकटीच्या कडेबाहेर काय होतं ते पाहावं. हे एकदा जमलं की सिनेमा पाहण्याची नजर बदलते आणि गाव पाहण्याचीही.

पहिल्या खेपेसाठी मी डोळे झाकून वाई-मेणवली सुचवतो. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येतं, दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून तीनेक किलोमीटरवर आहेत, आणि इथली लोकेशन्स म्हणजे उभे केलेले सेट नव्हेत. दगडी घाट, देवळं आणि वाडा अडीचशे वर्षांपासून जागच्या जागी आहेत. सिनेमाची माणसं आली, काम करून गेली, तरी दृश्य शाबूत राहिलं. शिकायला यापेक्षा सोयीची जागा नाही.

आधी हे समजून घ्या: वाईला इतके सिनेमे का आले

प्रकाश झा यांचे ‘मृत्युदंड’ (१९९७) आणि ‘गंगाजल’ (२००३) हे दोन्ही चित्रपट बिहारच्या कथा सांगतात. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘स्वदेस’मधलं (२००४) चरणपूर हे उत्तरेतलं खेडं. ‘दबंग’चं (२०१०) लालगंज उत्तर प्रदेशातलं. ‘चेन्नई एक्सप्रेस’मधलं (२०१३) गाव तर थेट तामिळनाडूतलं. या सगळ्यांचं चित्रीकरण कमी-अधिक प्रमाणात वाईच्या परिसरात झालं. कृष्णेच्या काठानं पडद्यावर किती राज्यांचं सोंग घेतलं, ते यावरून कळतं.

कारणं अगदी व्यवहाराची आहेत. मुंबईहून जनरेटर, लाइट, व्हॅनिटी आणि शे-दोनशे माणसांचं युनिट बिहारपर्यंत न्यायचं म्हणजे खर्च आणि दिवस दोन्ही वाढतात. वाईला ते सगळं रस्त्यानं पाच-सहा तासांत पोचतं. पसरणीचा घाट चढला की पाचगणी. कलाकारांच्या राहण्याची सोय तिथं होते. आणि एकाच गावात नदी, ओळीनं बांधलेले घाट, देवळांचे कळस, अरुंद आळ्या, लाकडी गॅलऱ्यांचे वाडे आणि बाहेर पडताच उसाची नि हळदीची शेतं. दिग्दर्शकाला नदीकाठचं जुनं गाव हवं असेल तर तो याहून वेगळं काय मागणार?

पण सोंग पुरतं वठत नाही, आणि आपल्याला ते पकडायचं आहे. इथला घाट काळ्या बेसॉल्टचा आहे. काशी-मिर्झापूरकडचे घाट पिवळसर-तांबूस वालुकाश्माचे. शिवाय वाईच्या कुठल्याही मोठ्या चौकटीत मागं सह्याद्री येतोच, माथा सपाट कापल्यासारखे डोंगर, पांडवगडाची बाजू. बिहारच्या सपाट मैदानात असले डोंगर आणायचे कुठून? ‘स्वदेस’ किंवा ‘गंगाजल’ पुन्हा लावा आणि माणसांकडे न पाहता त्यांच्या पाठीमागचं क्षितिज पाहा. पायाखाली काळा दगड आणि पाठीमागं सपाट माथा दिसला, की तुमचं पहिलं लोकेशन तुम्ही घरबसल्या ओळखलंत.

पायरी पहिली: घरी बसून रेकी

सिनेमावाले चित्रीकरणाआधी जागा पाहून येतात त्याला ‘रेकी’ म्हणतात. आपली अर्धी रेकी सोफ्यावर होते आणि ती टाळू नये. एक संध्याकाळ पुरते.

एकच सिनेमा घ्या. तो पाहताना जिथं जागा मोकळी आणि रुंद दिसते तिथं थांबवून स्क्रीनशॉट घ्या. चेहऱ्यांचे क्लोजअप उपयोगाचे नाहीत. पंधरा-वीस स्क्रीनशॉट जमतील. त्यातून चार-पाचच ठेवा. निवडताना कसोटी एकच: चौकटीत न हलणाऱ्या निदान दोन गोष्टी हव्यात, एक जवळची आणि एक लांबची. जवळ पायरीचा कोपरा, दीपमाळ, देवळाचं दार. लांब कळस किंवा डोंगर. दुकानांच्या पाट्या, रंगवलेल्या भिंती, टपऱ्या, विजेचे खांब यांवर अजिबात भरवसा ठेवू नका. पाट्या हिंदीत रंगवणं हे तर कलाविभागाचं पहिलं काम. झाडंही फसवतात. वीस वर्षांत पिंपळ दुप्पट होतो किंवा नाहीसाच होतो.

जागा ओळखता येत नसेल तर श्रेयनामावली पाहा. सिनेमा सुरू होताना किंवा संपल्यावर आभारांची जी यादी सरकते, ती लोक कधीच वाचत नाहीत. तिथं अनेकदा ग्रामपंचायत, नगरपालिका, देवस्थान, जिल्हाधिकारी कार्यालय यांची नावं असतात. गाव कळलं की मग नकाशा उघडा. उपग्रहचित्रात नदीचं वळण, घाटाचा आकार, देवळांची मांडणी ताडून पाहा. मेणवलीचा घाट चंद्रकोरीसारखा वळलेला असल्यामुळं वरूनसुद्धा चटकन ओळखू येतो.

आता प्रत्येक स्क्रीनशॉटखाली तीन गोष्टी लिहा. सावल्या कुठल्या बाजूला आणि किती लांब पडल्यात (लांब म्हणजे सकाळ किंवा संध्याकाळ). डोंगरावरचं गवत हिरवं आहे की पिवळं. नदीच्या पाण्यात घाटाच्या किती पायऱ्या बुडाल्यात. एवढ्यावरून चित्रीकरणाचा हंगाम आणि वेळ यांचा अंदाज येतो, आणि तुम्हीही त्याच हंगामात गेलात तर दृश्य जुळण्याची शक्यता कितीतरी वाढते. निघण्याआधी हे स्क्रीनशॉट फोनमध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि दोन-तीन कागदावर छापून घ्या. भर उन्हात फोनचा पडदा दिसत नाही, कागद दिसतो.

पायरी दुसरी: कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. हवा स्वच्छ असते, लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात, आणि चौकट जुळवायला ते दिसणं गरजेचं असतं. ऑक्टोबरात हिरवाई असते, पण ढग खाली उतरले की डोंगर गायब. मार्चनंतर धुरकट होतं आणि दुपारी काळा दगड इतका तापतो की अनवाणी चालवत नाही.

पावसाळ्यात वाई देखणी दिसते हे खरं, तरी लोकेशन पाहायला म्हणून जुलै ते सप्टेंबर टाळा. वरच्या अंगाला धोम धरण आहे. तिथून पाणी सोडलं की कृष्णा घाटावर चढते, पायऱ्या दिसेनाशा होतात, पाणी ओसरल्यावर शेवाळ नि गाळ राहतो. गेलातच तर सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर उतरू नका. पाणी वाढायला वेळ लागत नाही.

शनिवार-रविवार शक्यतो सोडा. महाबळेश्वरला जाणारी सगळी गर्दी वाईतून जाते. मंगळवारी, बुधवारी सकाळी घाटावर जी शांतता मिळते तिला तोड नाही. संकष्टीला ढोल्या गणपतीला रांग असते. तुम्हाला दर्शन हवं असेल तर जरूर जा, फोटो हवा असेल तर दुसरा दिवस धरा.

पायरी तिसरी: पोचायचं कसं

पुण्याहून स्वारगेटला वाईची किंवा वाईमार्गे महाबळेश्वरची एसटी मिळते. अडीच-तीन तास धरा. स्वतःची गाडी असेल तर बंगळूरु महामार्गानं खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला उजवीकडे वळा. तिथून वाई जवळच. मुंबईकरांनी एक गोष्ट नीट विचारून घ्यावी: महाबळेश्वरच्या काही गाड्या पोलादपूर-आंबेनळी घाटातून जातात आणि त्यांचा वाईशी संबंध येत नाही. तिकीट काढताना ‘वाईमार्गे आहे ना?’ हे कंडक्टरला किंवा खिडकीवर विचारा. रेल्वेनं यायचं तर वाठार हे जवळचं स्टेशन, पण तिथून पुन्हा रस्त्याचा प्रवास आहेच, एसटीच बरी.

सकाळी साडेआठ-नऊपर्यंत वाईत असलं पाहिजे. त्यासाठी पुण्याहून सहाच्या आत निघावं लागतं. स्टँडवरून गणपती आळी चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि चालतच जावं, कारण ‘दबंग’, ‘गंगाजल’सारख्या चित्रपटांत बाजाराची आणि आळ्यांची जी दृश्यं दिसतात, त्यांची चव या चालण्यातच येते. मेणवलीला जायला स्टँडजवळून रिक्षा मिळते. परतीचंही आधीच बोलून घ्या. मेणवलीत रिक्षा उभ्या असतीलच असं नाही.

पायरी चौथी: वाईचा घाट

गणपती घाटावर आलात की पहिल्यांदा कॅमेरा खिशात ठेवा आणि ढोल्या गणपतीच्या देवळाला बाहेरून वळसा घाला. हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२मध्ये बांधलं. आतली मूर्ती अखंड पाषाणातली, भली मोठी, म्हणून नाव ढोल्या गणपती. पण नजर खिळवून ठेवतो तो देवळाचा मागचा भाग. मागची भिंत सरळ नाही. माशाच्या तोंडासारखी निमुळती केलेली आहे. पुराचं पाणी येऊन आदळलं की ते दोन बाजूंना फाकावं, देवळाला धक्का बसू नये, यासाठी केलेली ही रचना. भिंतीच्या त्या टोकाशी उभं राहून नदीकडे पाठ करा आणि दगडांचे सांधे वर कसे चढत गेलेत ते पाहा. कित्येक पूर अंगावर घेऊन ती धार अजून जागेवर आहे.

शेजारीच काशी विश्वेश्वराचं देऊळ आहे, तेही रास्त्यांचंच. त्याच्यासमोरचा काळ्या दगडाचा नंदी इतका गुळगुळीत आहे की त्याच्या पाठीवर आभाळ उमटतं. वाईला दक्षिण काशी म्हणतात. उत्तरेतलं गाव शोधत आलेल्या दिग्दर्शकांना इथं काशीचा भास का होतो, ते या दोन देवळांच्या मध्ये उभं राहिलं की समजतं. घाट मात्र एवढाच नाही. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह असे घाट काठानं पसरलेले आहेत. बहुतेक लोक गणपती घाटावरून परततात. तुम्ही काठाकाठानं पुढं चाला. पडद्यावरच्या गर्दीच्या दृश्यांना लागणारी मोकळी जागा आणि वळणं तिकडं आहेत, आणि माणसांची वर्दळ कमी.

आता स्क्रीनशॉट काढा आणि जुळवाजुळवीला लागा.

पायरी पाचवी: चौकट जुळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. नवख्या माणसाचा समज असा असतो की दृश्य ओळखीचं दिसलं म्हणजे जागा मिळाली. तसं नसतं. दहा पावलं इकडं-तिकडं झालं की चित्र बदलतं.

पद्धत सांगतो. चौकटीतली जवळची आणि लांबची वस्तू घ्या. समजा, जवळ दीपमाळ आहे आणि लांब डोंगराची खिंड. पडद्यावर दीपमाळेचं टोक खिंडीच्या बरोबर खाली दिसतंय. तुम्ही जिथं उभे आहात तिथून ते टोक खिंडीच्या डावीकडे दिसत असेल, तर तुम्ही स्वतः डावीकडे सरका. टोक उजवीकडे सरकताना दिसेल. जवळची वस्तू नेहमी तुमच्या हालचालीच्या उलट सरकते. टोक खिंडीखाली आलं की तुम्ही कॅमेऱ्याच्या रेषेत आलात. आता त्या रेषेवरून पुढं किंवा मागं जायचं, दीपमाळ चौकटीत हवी तेवढी मोठी होईपर्यंत. मग उंची. पडद्यावर पायऱ्यांचे वरचे पृष्ठभाग दिसत असतील तर कॅमेरा उंचावर होता, क्रेनवर किंवा वरच्या ओट्यावर. फक्त उभ्या कडा दिसत असतील तर कॅमेरा खाली, पाण्याजवळ होता.

इथं एक अडचण हमखास येते. सगळं जुळलं तरी पडद्यावर डोंगर प्रचंड, अंगावर आल्यासारखा दिसतो, आणि तुमच्या फोटोत तो मागं बारीक पडतो. जागा चुकलेली नसते, फक्त अंतर आणि लेन्स वेगळी असते. सिनेमावाल्यांनी दूर जाऊन लांब पल्ल्याची लेन्स लावलेली असते, त्यामुळं मागचं पुढच्याला चिकटतं. त्याच रेषेवर मागं-मागं जा आणि फोनचा दुपटीचा किंवा तिपटीचा झूम वापरा. डोंगर वर उठेल. फोनच्या रुंद लेन्सनं काढाल तर हे कधीच साधणार नाही.

एक चौकट नीट जुळायला अर्धा तास लागतो, कधी तास. पाच जागा धावत पाहण्यापेक्षा दोन जुळवा. आणि जुळली की लगेच शटर दाबून निघू नका. मान वळवा. कॅमेऱ्याच्या मागं काय आहे, डाव्या कडेला काय कापलंय, दिग्दर्शकानं कोणती गोष्ट टाळली? पडद्यावर निर्मनुष्य वाटणाऱ्या घाटाच्या शेजारीच भाजीची पाटी घेऊन बसलेली मावशी असते. तिला चौकटीबाहेर ठेवण्याचा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. तो निर्णय तुमच्या डोळ्यांसमोर उलगडणं, यासाठीच आपण इथवर आलो.

पायरी सहावी: मेणवली

दुपारचं ऊन कलायला लागलं की मेणवलीला निघा. हे गाव नाना फडणवीसांचं. पेशवाईच्या उत्तरार्धातला हा मुत्सद्दी. त्याला हे गाव इनाम मिळालं आणि त्यानं इथं नदीकाठी वाडा आणि घाट बांधला. वाड्याला सहा चौक आहेत. लाकडी खांब, कोरीव काम, आणि काही दालनांत पौराणिक प्रसंगांची भित्तिचित्रं. वाडा खासगी मालकीचा आहे. आत जाता येतं, पण काही भाग बंद असतात. बंद दाराला हात लावू नये आणि चित्रांवर फ्लॅश मारू नये. नैसर्गिक रंग अशा प्रकाशानं फिके पडत जातात.

वाड्यामागून घाटावर उतरलं की ‘स्वदेस’ पाहिलेला माणूस क्षणभर थांबतोच. चंद्रकोरीसारख्या वळलेल्या काळ्या पायऱ्या, पाण्याच्या काठाला मेणेश्वर आणि विष्णूची देवळं, पलीकडं हिरवी किनार. चरणपूरचा नदीकाठ तो हाच. इथं चौकट जुळवणं वाईपेक्षा सोपं जातं, कारण घाटाचं वळण स्वतःच मोजपट्टीचं काम करतं: चौकटीत वळणाचा किती भाग दिसतो त्यावरून तुम्ही कुठल्या टोकाला असायला हवं ते लगेच कळतं.

मेणेश्वराजवळ एका छोट्या दगडी बांधकामात मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्याकडे दुर्लक्ष करून जाऊ नका. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत लावल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा, भीमाशंकरची घंटा त्यातल्याच. मेणवलीच्या घंटेजवळ जाऊन बाजूनं पाहा: धातूवर बाल येशूला घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे आणि १७०७ हे साल. बोटानं चाचपलं तर कडा अजून लागतात. शंकराच्या दारात मेरी, समोर कृष्णा, आणि याच पायऱ्यांवर सिनेमाची युनिट्स येऊन गेलेली. एका जागेत किती काळ एकावर एक बसू शकतात, ते इथं हाताला लागतं.

घंटा वाजवायचा मोह आवरा. ती खेळणं नाही, आणि आवाज गावभर जातो.

वागायचं कसं

हा भाग शेवटी आला तरी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. घाट म्हणजे लोकांचं अंगण आणि देवघर. सकाळी तिथं बायका धुणं धुतात, कुणी संध्या करतं, आणि अनेकदा दशक्रियेचे विधी चालू असतात. केशवपन केलेला मुलगा वडिलांचा पिंड ठेवतोय आणि चार फुटांवर कुणी गाण्यावर रील करतंय, असं दृश्य दिसतं तेव्हा मान खाली जाते. विधी चालू दिसला की त्या बाजूला कॅमेरा वळवायचाच नाही. दुसऱ्या टोकाला जा, तासाभरानं परत या. धुणं धुणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका; नाही म्हणाल्या तर तो विषय तिथंच संपला.

गावकऱ्यांशी मात्र जरूर बोला. प्रश्न नीट विचारला तर माहितीचा खजिना मिळतो. सिनेमाचं नाव सांगण्यापेक्षा स्क्रीनशॉटचा कागद पुढं करा आणि विचारा, ‘काका, ही भिंत कुठली असेल?’ कागद हातात आला की माणूस चष्मा काढतो, शेजाऱ्याला हाक मारतो, आणि दोघांत वाद सुरू होतो. त्या वादातून जागा सापडते. कुठं डांब रोवले होते, कोणाच्या ओसरीवर मेकअप चालायचा, गर्दीच्या दृश्यात गावातलं कोण उभं होतं, हे तुम्हाला कुठल्याही लेखात मिळणार नाही. चहा पाजला तर प्या, आणि गावातल्याच दुकानातून चार पैशांची खरेदी करा.

चालू चित्रीकरण आढळलं तर दोरीच्या बाहेर थांबा. युनिटमधलं कुणीतरी हात करून थांबवतं तेव्हा हुज्जत घालू नये. आवाज रेकॉर्ड होत असेल तर तुमची कुजबुजही टेक वाया घालवते. फोटो काढू नका म्हटलं तर नाही. ड्रोन आणला असेल तर सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर ती जागा कोणत्या विभागात येते ते आधी पाहा, आणि तरी देवस्थानाला विचारल्याशिवाय उडवू नका.

मुक्काम करणार असाल तर दुसऱ्या दिवशी पाचगणी गाठा. ‘तारे जमीन पर’ (२००७) मधली शाळा म्हणजे तिथली न्यू एरा हायस्कूल. ती चालती शाळा आहे, मुलं तिथं राहतात, त्यामुळं फाटकाबाहेरूनच पाहायचं. पहारेकऱ्याला गळ घालणं योग्य नाही. त्यापेक्षा उजाडताना टेबललँडवर जा. किंवा उलट दिशेला धोमला जा. नरसिंहाच्या देवळाच्या आवारात कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी आहे. सिनेमाचा संबंध नसला तरी तो चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

पुढच्या खेपांसाठी

वाई जमली की हात बसतो. मग सासवड घ्या. दिवेघाट चढून गेलं की पुरंदऱ्यांचा वाडा. ‘तुंबाड’मधला (२०१८) वाडा तोच. पडका आणि खासगी आहे, परवानगीशिवाय आत शिरू नये, आणि भिंतींच्या जवळ उभं राहू नये. गोव्याला गेलात तर वागातोरजवळचा शापोरा किल्ला सोपा आहे. ‘दिल चाहता है’ (२००१) मधली तटबंदी तीच, आणि समुद्राची रेषा असल्यामुळं चौकट जुळवणं सगळ्यात सोपं.

बंगळूरुकडे जाणं झालं तर रामनगर. ‘शोले’चं (१९७५) रामगढ तिथल्या खडकांत वसवलं होतं. पण तिथं गाव शोधू नका. ते गाव कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी उभारलेला सेट होता आणि काम संपल्यावर तो काढला गेला. उरलेत ते खडक. सेट आणि खरी जागा यांतला फरक शिकायला यासारखं ठिकाण नाही: खडकांची रेषा हुबेहूब जुळते आणि तिच्या पायथ्याशी काहीच नसतं. रामदेवर बेट्टाचा परिसर आता गिधाडांचं अभयारण्य आहे, म्हणून वनखात्याच्या वेळा पाळाव्या लागतात आणि आवाज करायचा नाही.

मुंबईकरांना सगळ्यात जवळचं म्हणजे आपटा स्टेशन. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’च्या (१९९५) शेवटची गाडी याच फलाटावरून सुटते. पनवेल-रोहा मार्गावरचं हे छोटं, झाडीतलं स्टेशन. तिकीट काढून जा. नुसतं पाहायला गेलात तरी फलाट तिकीट लागतंच. रुळांवर उतरू नका, रेल्वे कायद्याच्या कलम १४७प्रमाणे तो गुन्हा आहे. आणि धावत्या गाडीच्या दारातून हात देण्याघेण्याचा तो प्रसंग करून पाहण्याचा विचारही नको. ती गाडी सिनेमाच्या इशाऱ्यावर चालत होती, ही चालणार नाही. फलाटावर उभं राहून डबा, डोंगर आणि फलाटाची कड यांची रेषा जुळवा. गाडी थांबलेली असताना ते छान साधतं. या मार्गावर थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत. उतरल्या उतरल्या परतीच्या गाडीची वेळ स्टेशनमास्तरांकडून विचारून घ्या, मग कागद बाहेर काढा.